गाडीतला एसी काढायचा म्हणजे नेमकं काय काय काढायचं?

जुन्या गाडीचा एसी बंद पडला की कधी ना कधी हिशेब समोर येतोच. कूलिंग कॉइल फुटलेली, कॉम्प्रेसरचा आवाज वाढलेला, पाइप गंजलेले, आणि सगळं नीट करायचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर जाणारा. मग सहज सुचतं की हे लोढणं काढूनच टाकू. वजन कमी होईल, इंजिन मोकळं होईल, ॲव्हरेज वाढेल. उन्हाळ्यात काय, काचा खाली घेऊ.

विचार वाईट नाही. पण एसी हा चार स्क्रू सोडवून हातात येणारा डबा नव्हे. त्याचे भाग बंपरपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत पसरलेले असतात, आणि वाटेत ते इंजिनच्या बेल्टमध्ये, पंख्याच्या वायरिंगमध्ये, ब्लोअरच्या हवेत आणि समोरच्या काचेच्या कारभारात शिरलेले असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना एसी काढायची गरजच नसते, आणि ज्यांना असते त्यांनी तो अर्धवट काढू नये. असं का, ते पुढे येईलच.

आधी यंत्र समजून घेऊ

डोळ्यांसमोर मारुती ८०० ठेवू, कारण तिची रचना साधी आहे आणि ती अनेकांनी बॉनेट उघडून पाहिलेली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर.

एसीचं काम एवढंच: गाडीच्या आतली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या वाऱ्यात टाकायची. उचलायचं काम गॅस करतो. हातावर स्पिरिट चोळलं की ते उडताना हात गार पडतो, कारण उडायला लागणारी उष्णता ते हातातून घेतं. एसीतला गॅसही तसाच आतल्या हवेतून उष्णता घेतो. फक्त तो उडून हवेत जात नाही, त्याला दाबून पुन्हा द्रव करतात आणि परत फिरवतात.

हे दाबायचं काम कॉम्प्रेसरचं. तो इंजिनला ब्रॅकेटवर बसवलेला असतो आणि बेल्टवर फिरतो. दाबल्यामुळे तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे उभ्या असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, तिथे वाऱ्याने निवतो आणि द्रव होतो. पुढे ड्रायर लागतो. ही छोटी डबी गॅसमधला ओलावा शोषून घेते. मग डॅशबोर्डमागे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून द्रव बाहेर पडतो, दाब एकदम उतरतो, तो उकळायला लागतो आणि कूलिंग कॉइल गारठते. ब्लोअर या कॉइलवरून हवा ढकलतो, तीच आपल्या तोंडावर येते. गॅस परत कॉम्प्रेसरकडे. एवढंच चक्र.

काढून मिळतं काय?

एसी चालू असताना कॉम्प्रेसर छोट्या गाडीतही तीन ते पाच अश्वशक्ती खातो. मोठ्या इंजिनला ते जाणवत नाही, पण एकूण चाळीसच असतील तर घाटात फार जाणवतं. म्हणून तर मारुती ८०० वाले चढ लागला की एसीचं बटण दाबून बंद करायचे.

पण इथेच पहिला गैरसमज आहे. बटण बंद केलं की कॉम्प्रेसर थांबतो. त्याच्या तोंडाशी चुंबकीय क्लच असतो. करंट गेला तरच तो पुलीला कॉम्प्रेसरच्या दांड्याशी जोडतो, नाहीतर पुली नुसती बेअरिंगवर फिरत राहते. त्या रिकाम्या फिरण्याला ताकद जवळजवळ लागतच नाही. म्हणजे बंद एसी आणि काढलेला एसी यांच्या ॲव्हरेजमध्ये फरक पडलाच तर तो वजनाचा. सगळं मिळून वीस किलोच्या आसपास धरा, गाडीप्रमाणे कमीजास्त. साडेसहाशे किलोच्या गाडीत तो तीन टक्के होतो. शर्यतीच्या गाडीला तीन टक्के मोलाचे असतात. रोज ऑफिसला जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

हा क्लच पहिल्यापासून नव्हता, ही गंमत सांगायलाच हवी. कारखान्यातून एसी बसवून येणारी पहिली गाडी म्हणजे अमेरिकेतली पॅकार्ड. १९३९ च्या अखेरीस ती दाखवली गेली. तिची कूलिंग कॉइल डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. हिवाळ्यात कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि बेल्ट हाताने उतरवा. उन्हाळा आला की परत चढवा.

आज ज्यांचा एसी मेलेला आहे पण गाडी रोजची आहे, त्यांना मी तेच सुचवेन. जुन्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा बेल्ट वेगळा असतो. तो उतरवा, क्लचची वायर सोडवून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप लावा, एसीचा फ्यूज काढा. अर्ध्या तासाच्या आत काम होतं. बाकी सगळं जिथे आहे तिथे राहू द्या. कुणाला ते बघवत नसेल तर बॉनेट बंद ठेवावं.

खरोखर काढण्याची कारणं वेगळी असतात. इंजिनखान्यात जागा हवी असते. रॅलीसाठी गाडी हलकी करायची असते. रेडिएटर तापतो आणि पुढची कंडेन्सरची जाळी वारा अडवते. ती गेली तर इंजिनाला मोकळा वारा मिळतो, हा फायदा खरा आहे. किंवा जुनी गाडी मूळ रूपात आणायची असते. प्रीमियर पद्मिनीचे शौकीन यातले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीची मुंबईतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण खासगी पद्मिन्या अजून जपल्या जातात. त्यांतल्या अनेकींना नंतर कुणीतरी डॅशबोर्डखाली लटकणारा एसीचा डबा बसवलेला असतो. असा बाहेरून बसवलेला एसी काढणं सगळ्यांत सोपं, कारण गाडी मुळात त्याच्याशिवाय आखलेली असते. खाली राहतात ती स्क्रूची भोकं.

आणि एक कारण नव्या गाड्यांचं आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर येतो. त्याचा दांडा कायम फिरतो, थंडाई कमीजास्त करायचं काम आतल्या आत होतं. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस पूर्ण गळाला की तो कोरडाच फिरत राहतो आणि कधीतरी आवळतो. त्याच बेल्टवर अल्टरनेटर असतो, काही गाड्यांत वॉटर पंपही. बेल्ट तुटला की गाडी जागेवर उभी. अशा गाडीत ‘बंद आहे, राहू दे’ हे धोरण चालत नाही.

गॅस: इथे घाई नको

सगळ्या कामात खरी जोखीम या एका टप्प्यात आहे, आणि गल्लीबोळातल्या गॅरेजांत सगळ्यांत हलगर्जीपणाही इथेच होतो. पाइपाचा नट ढिला करायचा, सूऽऽ करून गॅस सोडून द्यायचा, दोन मिनिटांत मोकळं. हे करू नका, आणि आपल्या गाडीवर कुणाला करूही देऊ नका.

पहिलं कारण तुमच्या डोळ्यांचं. एसी बंद असतानाही, तीसेक अंश हवामानात, भरलेल्या यंत्रणेत शंभर पीएसआयच्या जवळपास दाब असतो. टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट. चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला तो अडीचशेच्या आसपासही जातो. गाडीच्या एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे द्रवाचा फवारा कातडीवर पडला तर कातडी गोठते, आणि डोळ्यात गेला तर पुढचं सांगायला नको. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय या पाइपांना पाना लावायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो गॅरेजच्या खड्ड्यात साचतो आणि तिथली हवा हुसकून लावतो. खड्ड्यात उतरलेल्या पोराला कळायच्या आत गरगरायला लागतं.

दुसरं कारण आगीचं. जवळपास वेल्डिंग, गॅसबत्ती किंवा साधी बिडी पेटलेली असली तरी गॅसचं विघटन होतं. आर-१३४ए पासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते फुप्फुसं जाळतं. त्याच्या आधीच्या, जुन्या गाड्यांतल्या आर-१२ या गॅसपासून थोडं का होईना फॉस्जीन तयार होऊ शकतं. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू तो हाच. त्यात आपल्याकडे स्वस्तात गॅस भरून देणारे नेमकं काय भरतात, याचा भरवसा नसतो. ज्वलनशील मिश्रणंही भरली जातात. गाडीच्या गॅसचा इतिहास माहीत नसेल तर तो पेट घेणारा आहे असंच धरून काम करावं.

तिसरं कारण सगळ्यांचं. १९९० च्या दशकापर्यंत गाड्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो. १६ सप्टेंबर १९८७ ला झालेल्या माँट्रियल करारामुळे तो जगभरातून हद्दपार होत गेला. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला, २००० साली इथे ओझोनविषयक नियम आले आणि २०१० पासून असे गॅस बंद झाले, दम्याच्या पंपांसारखे मोजके अपवाद सोडून. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-१३४ए हा जवळपास १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक.

छोट्या गाडीत हा गॅस अर्धा किलोच्या आसपास असतो. अर्धा किलो म्हणजे सातशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे तो ‘सूऽऽ’ तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका पडला. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर मुंबई-गोवा चार वेळा जाऊन-येऊन होईल. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीत हाही गॅस कमी करायचं ठरलं. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली, आणि आपल्याकडे अशा गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना तर हा प्रश्न सद्सद्विवेकाचाही नाही. तिथे आर-१२ मुद्दाम हवेत सोडणं १९९२ पासून आणि आर-१३४ए सोडणं १९९५ पासून बेकायदेशीर आहे.

तर करायचं काय? चांगल्या एसीवाल्याकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गॅस खेचून टाकीत साठवणारं यंत्र असतं. नुसतं ‘गॅस भरता का’ असं विचारू नका, ‘गॅस काढून साठवायचं मशीन आहे का’ असं विचारा. मशीन लावल्यावर दाब दाखवणाऱ्या घड्याळाची सुई शून्यावर येऊन तिथे थोडा वेळ टिकली पाहिजे. ती हळूहळू पुन्हा चढत असेल तर तेलात विरघळलेला गॅस अजून सुटतोय, म्हणून आणखी एकदा खेचावं लागतं. तुमची यंत्रणा कोणत्या गॅसची आहे हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकर उडाला असेल तर नळीची तोंडं बघा. आर-१२ ला आट्यांची तोंडं असतात, आर-१३४ए ला झटक्यात बसणारी, आणि तीही दोन वेगवेगळ्या मापांची.

एसी कित्येक वर्षं बंद असेल तर गॅस बहुधा आधीच गळून गेलेला असतो. तरीही घड्याळ लावून बघाच. गळती कुठे झाली ते तुम्हाला डोळ्यांनीही सापडेल. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून ज्या जोडाभोवती काळा, चिकट, मऊ थर जमलेला आहे, तो जोड गुन्हेगार.

पाना हातात घेतल्यावर

पुढचं काम कष्टाचं आहे, कठीण नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवायची. बेल्ट ढिला करून उतरवायचा. पाइपांचे नट सोडवताना नेहमी दोन पाने, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटून तुटते. उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच बुचाने किंवा टेपने बंद करायचं, कारण आतलं तेल सगळीकडे ठिबकतं आणि रंगावर पडलं तर डाग पाडतं.

कॉम्प्रेसर चार-पाच किलोंहून जड असतो, शेवटचा बोल्ट निघताना खालून हात हवा. ब्रॅकेट मात्र नीट बघून काढा. काही गाड्यांत त्याच ब्रॅकेटवर अल्टरनेटर किंवा बेल्ट ताणणारी पुली बसवलेली असते. तसं असेल तर ब्रॅकेट राहू द्यायचा. कंडेन्सर काढताना रेडिएटरच्या पत्र्यांना धक्का लावायचा नाही. जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत वर्षानुवर्षांचा चिखल आणि किडे भरलेले असतात, तो सगळा पाण्याने धुऊन काढला की तापमानाच्या अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. काही जणांचं काम खरं तर एवढ्यावरच भागलं असतं.

मग येते डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. ग्लोव्ह बॉक्स काढला की आत एक काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो, दोन अर्धे भाग क्लिपांनी जोडलेले. क्लिपा काढल्या की आधी कुबट वास नाकात शिरतो. कॉइलच्या पातळ पत्र्यांवर ओल्या धुळीचा थर असतो, आणि त्यात गुलमोहराची बारीक पानं, केस, एखादा झुरळाचा पंख. समोरच्या काचेखालच्या जाळीतून हवेबरोबर हे सगळं येतं आणि कायम ओल्या कॉइलवर चिकटून बसतं. फुटलेल्या कॉइलच्या एका कोपऱ्यात तेलकट डाग दिसेल आणि तिथलं ॲल्युमिनियम पांढरट भुकटी होऊन खाल्लेलं असेल.

आता महत्त्वाचं. जुन्या जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांत हा डबा ब्लोअर आणि हीटर यांच्या मधोमध असतो. ब्लोअरची हवा त्यातूनच पुढे काचेपर्यंत जाते. डबा काढून टाकलात तर हवेचा रस्ताच तुटतो. ब्लोअर फुल फिरतोय, पण हवा ग्लोव्ह बॉक्समागे हरवतेय, अशी गाडी तयार होते. कारखान्याने नॉन-एसी मॉडेलमध्ये या जागी साधा पोकळ जोड दिलेला असतो. तो भंगारबाजारात मिळाला तर उत्तम. पुण्यात किंवा मुंबईत जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारलं तर अजून मिळून जातो. नाही मिळाला तर आतली कॉइल काढून रिकामा डबा धुऊन परत बसवायचा आणि पाइपांची भोकं बंद करायची. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो.

पाइप जिथून इंजिनखान्यात जातात त्या पत्र्याच्या भिंतीतली भोकं उघडी ठेवणं ही या कामातली सगळ्यांत धोकादायक चूक. इंजिनखान्यातला धूर, सायलेन्सरच्या जोडातून गळणारा कार्बन मोनॉक्साइड, सगळं ब्लोअरच्या ओढीने आत येतं. या वायूला वास नसतो. कापड कोंबून किंवा नुसती टेप मारून भागत नाही. नीट मापाचे रबरी बुच बसवा किंवा पत्र्याची चकती सीलंट लावून रिव्हेट करा. कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळीही यात विसरू नका, तिचंही एक भोक असतं.

वायरिंगमध्ये काय काय निघतं? क्लचची वायर, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट, रिले, डॅशबोर्डवरचं बटण. कापण्याऐवजी कनेक्टर सोडवून, गुंडाळून, टेप मारून ठेवा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक छोटी गोष्ट असते. एसी लागला की इंजिन दमून बंद पडू नये म्हणून आयडलिंग वाढवणारा झडपेचा एक तुकडा, आणि त्याला जाणारी व्हॅक्यूमची नळी. तुकडा काढून नळी तशीच सोडली तर तिथून हवा शिरते आणि गाडी सिग्नलला थरथरते. नळीला रबरी टोपी लावून आयडलिंग पुन्हा जुळवायचं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, कंप्युटर हे बघून घेतो, पण काही गाड्यांत प्रेशर सेन्सर सापडला नाही की तो पंखा सतत चालवतो किंवा चेक इंजिनचा दिवा लावतो.

रेडिएटरच्या पंख्याला चुकूनही हात लावायचा नाही. एसीची वायर समजून पंख्याची वायर सोडवली गेली तर पुढच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाईल. सगळं जोडून झाल्यावर गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा आपोआप लागेपर्यंत थांबा. तो लागल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

सगळ्यांना मिळून एकच लांब बेल्ट असलेल्या गाडीत कॉम्प्रेसर निघाला की बेल्टचा रस्ता बदलतो. तिथे त्याच जागी नुसती फिरणारी पुली बसवावी लागते किंवा नॉन-एसी मॉडेलचा आखूड बेल्ट. आपल्या मनाने रस्ता आखताना वॉटर पंप उलटा तर फिरत नाही ना, हे बघा. बेल्टच्या सरळ बाजूऐवजी पाठीवर तो आला की दिशा फिरते, आणि इंजिन तापायला लागेपर्यंत कळत नाही.

पावसाळ्यात काय होतं

एसी काढणारा माणूस एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवतो. मला विचाराल तर परीक्षा जुलैत होते.

कूलिंग कॉइल हवा गार करते त्याबरोबर ती कोरडीही करते. पंचवीस अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त तेवीसेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. तीच हवा पाच अंशांपर्यंत गार केली तर सात ग्रॅमही मावत नाही. उरलेलं पाणी कॉइलवर जमतं आणि नळीतून रस्त्यावर ठिबकतं. एसी लावलेल्या गाडीखाली जे थारोळं दिसतं ते हेच. अशी कोरडी हवा काचेवर सोडली की काचेवरचा दमटपणा ती पिऊन टाकते.

आता एसी नाही असं धरा. माणूस नुसता बसला तरी तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत सोडतो. चौघं असले तर दीडशेच्या घरात. मारुती ८०० च्या आतली सगळी हवा जेमतेम दोन-अडीच घनमीटर. त्यात ओल्या छत्र्या, भिजलेली पायपुसणी, भिजून आलेली मुलं. आंबोलीत किंवा ताम्हिणीत बाहेर पाऊस कोसळतोय म्हणून काचा बंद केल्या की पंधरा-वीस मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. मग एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात फडक्यावर.

यावर उपाय आहे, आणि त्यासाठीच वर ब्लोअरच्या रस्त्याबद्दल एवढं लिहिलं. हवेचा खटका ‘बाहेरची हवा’ या बाजूला ठेवायचा, आतलीच हवा फिरवायची नाही. हीटर सुरू करून हवा काचेवर सोडायची. बाहेरची हवा कितीही दमट असली तरी तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि ती काच सुकवते. अंगाला घाम येईल तेव्हा मागची एक काच बोटभर खाली करायची. काच आतून स्वच्छ असेल तर धुकंही उशिरा धरतं. पण हे सगळं हीटर चालू असेल तरच. तुमच्या गाडीला हीटरच नसेल, किंवा तो गळतो म्हणून कुणीतरी मागेच त्याची पाण्याची नळी बायपास करून ठेवली असेल, तर कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्याने एसी काढूच नये. त्यापेक्षा दुरुस्त करावा. जुन्या गाडीत एसीवर केलेला खर्च मला गारव्यासाठी कधीच पटला नाही, पण काचेसाठी पटतो.

एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो. पावसाळ्यात एसी फार गार ठेवला की काच बाहेरून धुकटते, कारण आता गार काचेवर बाहेरची दमट हवा निवते. तिथे वायपर फिरवायचा आणि एसीची थंडाई कमी करायची. एसी काढलेल्या गाडीला हा त्रास होत नाही, एवढं एक खरं.

काढून झाल्यावर

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांबद्दल एका वाक्यात सांगायचं तर, त्यांच्या एसीला हात लावू नका. तिथला कॉम्प्रेसर नारिंगी केबलमधून येणाऱ्या शेकडो व्होल्टवर चालतो, आणि अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवायचं कामही तोच गॅस करतो.

विमा नूतनीकरणाच्या वेळी कागद बघा. बाहेरून बसवलेला एसी पॉलिसीत वेगळी ॲक्सेसरी म्हणून लिहिलेला असेल तर नसलेल्या वस्तूचा हप्ता भरत राहू नका. एसी टॅक्सी म्हणून परवाना असलेल्या गाडीचा एसी काढायचा विचार आरटीओत विचारल्याशिवाय करू नये.

काढलेल्या मालाला भंगारवाला ॲल्युमिनियमचा भाव देतो, क्लचच्या गुंडाळीतल्या तांब्याचाही. पण एसी असलेली जुनी गाडी विकताना बरी जाते, म्हणून चालू स्थितीतला कॉम्प्रेसर आणि धड कंडेन्सर मी तरी ठेवून देईन. कॉम्प्रेसरमधलं तेल गटारात ओतू नका, गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात घाला. बोल्ट ज्या त्या भागाच्या भोकांत परत फिरवून ठेवा, म्हणजे पुढे शोधाशोध होत नाही. सगळी तोंडं बुचाने बंद करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाका. ड्रायर मात्र सांभाळू नका. उघडा पडला की तो हवेतला ओलावा पिऊन संपतो, त्यामुळे पुढे कधी एसी परत बसवलात तरी ड्रायर नवाच घ्यावा लागतो.